अपॉइंटमेंट लेटर नाही, पगार रोख, आणि मालक म्हणतो 'हा आमचा माणूसच नाही': मग नोकरी सिद्ध कशी करायची?

पगार थकला किंवा एक दिवस गेटवरूनच परत पाठवलं की माणूस तावातावाने कामगार ऑफिसला जातो, अर्ज लिहून देतो, आणि तारखेला कंपनीचा एचआर नाहीतर वकील येऊन एवढंच म्हणतो की हे आमच्याकडे कामाला नव्हतेच. झालं. किती महिन्यांचा पगार बाकी, नोटीस दिली का, चौकशी केली का, हे सगळं बाजूला पडतं आणि तुम्ही तिथं कामाला होता हेच आधी दाखवा असं होऊन बसतं. नवीन माणूस इथं गांगरतो, कारण त्याला वाटतं अहो सगळ्या एरियाला माहितीये मी तिथं काम करतो, त्यात सिद्ध काय करायचं.

हे सगळं महाराष्ट्रातल्या कारखाना, वर्कशॉप, दुकान, हॉटेल, गोडाऊन अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांच्याकडे कागद कमी आहेत त्यांच्यासाठी. अपॉइंटमेंट लेटर नाही म्हणजे केस नाही, हे साफ खोटं आहे. पण मी खरं बोलतोय म्हणजे कोर्ट ऐकेलच, हेही तितकंच खोटं. यातलं मधलं काम कंटाळवाणं आहे, चिकाटीचं आहे आणि ते वकील करत नाही, तुम्हालाच करावं लागतं.

आधी समजून घ्या, नक्की काय दाखवायचंय

चार गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्र कालवतात. एक, तुम्ही या मालकाचे कामगार होता. दोन, किती काळ होता, म्हणजे खास करून काढायच्या आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरतात का, कारण तेवढे भरले की कायदा वर्षभराची सलग नोकरी धरतो. तीन, पगार किती ठरला होता आणि किती मिळाला. चार, तुम्हाला काढलं, तुम्ही स्वतःहून गेला नाही. प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. गळ्यातलं आयकार्ड पहिली गोष्ट दाखवेल पण २४० दिवस दाखवणार नाही, बँकेचं स्टेटमेंट पगार दाखवेल पण काढलं कसं ते दाखवणार नाही. म्हणून वहीच्या एका पानावर हे चार मथळे लिहा आणि जे जे हाताशी आहे ते त्या त्या मथळ्याखाली टाका, कुठला मथळा रिकामा आहे ते लगेच दिसतं.

मालक-कामगार नातं आहे की नाही हे कोर्ट एकाच कसोटीवर ठरवत नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ साली निलगिरी को-ऑपरेटिव्ह मार्केटिंग सोसायटीच्या केसमध्ये काय काय बघायचं ते सांगितलंय: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढू कोण शकतं, कामावर देखरेख आणि हुकूम कुणाचा, काम कसलं आहे, काम नाकारायचा अधिकार कुणाला. त्याच्याही आधी, १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या केसमध्ये पीसरेटवर शिवणारे टेलर कामगार धरले गेले. दुकानदार म्हणत होता की हे येतात कधीही, जातात कधीही, नगावर पैसे घेतात, हे कसले कामगार. पण मशीन दुकानाचं होतं, कपडा कसा शिवायचा ते दुकानाकडून सांगितलं जायचं, आणि शिवलेलं पटलं नाही तर परत शिवायला लावायचा हक्क दुकानाचा होता. कोर्टाने ते पाहिलं. त्यामुळे तुम्ही नगावर असा, रोजावर असा नाहीतर तुमच्याकडून 'कन्सल्टंट' म्हणून सही घेतलेली असो, एवढ्यावरून हार मानू नका, हुकूम कुणाचा चालत होता आणि हत्यारं कुणाची होती ते लिहून काढा.

सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे, हे आधीच पचवा

इथं फार लोक फसतात. २००२ च्या हदिमानी निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की २४० दिवस काम केलं हे कामगाराने दाखवायचं, नुसतं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल पाठ करूनच येतात. पण पुढे २००५ मध्ये येल्लट्टी केसमध्ये त्याच कोर्टाने दुसरी बाजूही सांगितली, की रोजंदारीच्या माणसाकडे ना नेमणूक पत्र असतं ना काढल्याचं पत्र ना पगाराची पावती, त्यामुळे त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं आणि मस्टर, पगारपत्रक, हजेरी रजिस्टर मालकाकडून मागवावं, आणि मालकाने ते आणलंच नाही तर त्याचा उलटा अर्थ, म्हणजे मालकाच्या विरुद्ध, काढायचा की नाही हे प्रत्येक केसच्या फॅक्ट्सवर ठरेल. हे दोन निकाल एकत्र वाचा. थोडक्यात तुमच्याकडून सुरुवातीचा पुरावा यायलाच हवा, मग भार हळूहळू मालकाकडे सरकतो.

पगाराचं जरा वेगळं आहे. वेतन संहिता २०१९ च्या कलम ५९ प्रमाणे पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा झाला की पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. हे चांगलंय, पण ते लागू व्हायला तुम्ही त्याचे कर्मचारी होता हे आधी दिसायला हवं, म्हणजे फिरून परत पहिल्याच गोष्टीवर.

पायरी १: कामावर असतानाच गोळा करा

काढल्यावर आत जायला मिळत नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपमधून त्याच दुपारी काढून टाकतात, कंपनीचा ईमेल बंद होतो. म्हणून वास यायला लागला, म्हणजे पगार पुढे ढकलतायत, कोऱ्या कागदावर सह्या मागतायत, नवीन ठेकेदाराचं नाव ऐकू येतंय, की त्याच दिवसापासून सुरू करा.

सगळ्यात पहिलं पीएफ आणि ईएसआय बघा. बऱ्याच जणांना माहितीच नसतं की आपला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे. उमंग अॅपवर किंवा ईपीएफओच्या साइटवर पासबुक उघडा, त्यात आस्थापनेचं नाव आणि महिन्यावारी भरणा दिसतो, तो डाउनलोड करून ठेवा. ईएसआयचं पहचान कार्ड असेल तर त्यावर मालकाचा कोड असतो, आणि दवाखान्यात कधी गेला असाल तर ते कागदही जपा. ही नोंद मालकाने स्वतःच सरकारकडे केलेली असते, त्यामुळे 'हा आमचा नाही' म्हणणं त्याला अवघड जातं. पासबुकात ठेकेदाराचं नाव निघालं तर घाबरू नका, त्यावर पुढे लिहिलंय.

त्यानंतर बँक. एनईएफटीने पगार येत असेल तर स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव असतं, ते बँकेच्या शिक्क्यानिशी घ्या. यूपीआयने मालकाच्या किंवा त्याच्या बायको-मुलाच्या नंबरवरून येत असतील तर तेही चालतं, फक्त दर महिन्याला साधारण त्याच तारखेला तेवढीच रक्कम येतेय हा पॅटर्न दिसला पाहिजे. रोख असेल तर त्याच दिवशी रात्री वहीत लिहा. आणि जमलं तर सुपरवायझरला मेसेज टाका, 'साहेब आज ऑगस्टचे ११,००० मिळाले, ओव्हरटाइमचे बाकी आहेत ना?' तो 'हो बघतो' म्हणाला की पैसे कुणी दिले, कशाचे दिले आणि बाकी किती हे तीनही त्या एका उत्तरात आलं.

टॅक्सची बाजू लोक विसरतातच. इन्कम टॅक्सच्या साइटवरचा फॉर्म २६एएस किंवा एआयएस बघा, त्यात तुमच्या नावावर कुणी किती पैसे दिले आणि किती टॅक्स (टीडीएस) कापला ते दिसतं. १९६१ च्या आयकर कायद्याखाली पगारावरचा टीडीएस कलम १९२ मध्ये दिसतो आणि प्रोफेशनल फी १९४जे मध्ये. कंपनीने तुम्हाला १९२ मध्ये दाखवलं असेल तर तिने स्वतःच तुम्हाला पगारदार म्हटलंय. उलट १९४जे मध्ये असाल तर कोर्टात त्यावर प्रश्न येणार, तयारी ठेवा. पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीला ३०० व्यवसाय कर कापला जात असेल तर तीही पगाराचीच खूण.

मग बाकीच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या मला स्वतःला फार महत्त्वाच्या वाटतात. कंपनीचं नाव छापलेला युनिफॉर्म, आयकार्ड, गेटपास, डिलिव्हरी चलनावर 'माल घेतला' म्हणून तुमची सही, मशीनच्या मेन्टेनन्स रजिस्टरवरचं तुमचं नाव, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, दिवाळीच्या बोनसचं पाकीट, कंपनीच्या बसचा पास, आयुधपूजेला मशीनसमोर काढलेला ग्रुप फोटो. एकेकटं काहीच सिद्ध होत नाही, पण तारखांनी एकामागे एक लावलं की मालकाला प्रत्येकाचं वेगळं उत्तर द्यावं लागतं.

एक सावधगिरी. कंपनीची फाइल, रजिस्टर, ग्राहकांची यादी उचलून आणू नका. तुमच्या स्वतःच्या नावाचे कागद आणि तुम्ही स्वतः ज्यात होता ते मेसेज एवढंच घ्या, नाहीतर चोरीची केस लावून मूळ विषय बाजूला टाकतात. आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर, 'सगळा हिशोब मिळाला' अशा छापील फॉर्मवर सही करू नका. करावीच लागली तर सहीशेजारी तारीख आणि 'अमुक रक्कम मिळाली, बाकी येणे आहे' असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि फोटो काढा.

पायरी २: दिवसांची साखळी लावा

२४० दिवस म्हटलं की माणसाला वाटतं रोजचा पुरावा पाहिजे. रोजचा कुठून आणणार, पण महिन्यातून तीन-चार पक्के खुंटे ठोकता येतात आणि मधलं तुमच्या साक्षीने भरतं.

समजा चाकणच्या एका पॅकिंग युनिटमध्ये काम करणारी बाई आहे, रोख पगार, पीएफ नाही. तिच्याकडे काय निघेल बघा. जानेवारीत सुपरवायझरचा मेसेज, 'ताई उद्या फर्स्ट शिफ्टला या'. फेब्रुवारीत बोटाला मार लागला तेव्हाची दवाखान्याची चिठ्ठी, ज्यावर डॉक्टरने 'कंपनीत काम करताना लागलं' असं लिहिलंय. मार्चला पोराच्या शाळेच्या फॉर्ममध्ये आईची नोकरी म्हणून त्याच युनिटचं नाव. एप्रिल-मे मध्ये फोनच्या गुगल टाइमलाइनवर रोज सकाळी सातला त्याच ठिकाणी लोकेशन. जूनला बचत गटाच्या कर्जाच्या अर्जावर कामाचा पत्ता. जुलैला शिफ्टच्या ग्रुपवर तिचं नाव असलेली ड्युटी लिस्ट. ऑगस्टला राखीपौर्णिमेची सुट्टी मागितल्याचा मेसेज आणि 'अर्धा दिवस या' असं उत्तर. गेटसमोर चहाची टपरी चालवणारा माणूस, जो रोज तिला येता-जाता बघतो. हे सगळं एका कॅलेंडरवर मांडलं की जानेवारी ते ऑगस्टपैकी एकही महिना रिकामा राहत नाही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर कामाच्या जागेचा उल्लेख करून घ्या हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, कारण तो कागद भांडण सुरू व्हायच्या आधीचा असतो आणि तिसऱ्याच माणसाने लिहिलेला असतो.

दिवस मोजताना रविवार सोडू नका. अमेरिकन एक्सप्रेसच्या १९८५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने रविवार आणि पगारी सुट्ट्या धरूनच २४० मोजायला सांगितलंय. कंपनीचा तक्ता फक्त हजेरीचे दिवस मोजतो आणि २१५-२२० वर थांबतो, तिथं हे बोट दाखवा.

साक्षीदाराचं म्हणाल तर अजून कामावर असलेला सहकारी येत नाही, त्याला दोष देऊ नका, त्याचंही पोट आहे. सोडून गेलेला जुना कामगार, माल घेऊन येणारा टेम्पोवाला, मेसचा डबा देणारा, आधीचा सिक्युरिटी गार्ड हे जास्त उपयोगी. त्यांना पढवू नका, जे पाहिलंय तेवढंच सांगा म्हणावं.

पायरी ३: मोबाइलमधला पुरावा नीट जपा

स्क्रीनशॉट काढला आणि झालं असं नाही. मूळ फोन जपा, फॉरमॅट मारू नका, विकू नका, व्हॉट्सअॅप बदलून नवीन नंबर घेऊ नका. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नावाने सेव्ह केलेलं 'पाटील साहेब' कोर्टात कामाचं नाही, त्यामागचा नंबर दिसणारा स्क्रीनशॉटही काढा. रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल तशीच ठेवा, कापाकापी करू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, आधीच्या पुरावा कायद्यात ते कलम ६५बी म्हणून ओळखलं जायचं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. आपल्याच जालन्याच्या निवडणूक याचिकेतून निघालेल्या खोतकर केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रिंटआउट द्यायची तर प्रमाणपत्र हवंच, पण फोन ज्याचा आहे त्याने स्वतः साक्षीला येऊन मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही. म्हणून म्हणतोय फोन जपा. कामगार कोर्टात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके कडक लावत नाहीत हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका.

पायरी ४: गेट बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं

मालकाचं दुसरं लाडकं उत्तर म्हणजे 'आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला'. हे मोडायचं असेल तर लगेच पत्र पाठवायला हवं. महिनाभर घरी बसून मग तक्रार केली की तेच खरं वाटायला लागतं. पत्र साधंच असू द्या, असं काहीतरी:

'मी आपल्या अमुक युनिटमध्ये अमुक तारखेपासून हेल्पर म्हणून सलग काम करत आहे. माझा पगार महिना १२,५०० रुपये आहे. अमुक तारखेला सकाळी ७ वाजता मी कामावर आलो असता सुपरवायझर श्री. अमुक यांनी मला गेटवर अडवून उद्यापासून येऊ नको असे सांगितले. मला कोणतीही नोटीस किंवा हिशोब दिलेला नाही. मी कामावर हजर राहण्यास आजही तयार आहे. मला कामावर घ्यावे व अमुक दोन महिन्यांचा थकीत पगार द्यावा.'

बस. शिव्या नको, धमकी नको, कायद्याची कलमं नको. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, तेच ईमेलने आणि मालकाच्या व्हॉट्सअॅपवरही टाका. घेतलं नाही आणि पाकीट परत आलं तर ते फोडू नका, बंदच ठेवा, तोच पुरावा. पत्राला उत्तर आलं तर शंभर वेळा वाचा, कारण 'तुम्ही शिस्त पाळत नव्हता' असं लिहिलेलं असेल तर त्याने नातं मान्य करून टाकलंय. शिस्त आपल्याच माणसाला लावतात.

राजीनामा लिहून देऊ नका. 'राजीनामा दे, मगच हिशोब' हे रोज ऐकू येतं. काढलं किंवा राजीनामा दिला तरी दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब द्यायचा असतो असं वेतन संहितेचं कलम १७ सांगतं, त्यासाठी राजीनाम्याची अट कुठेही नाही.

पायरी ५: मध्ये ठेकेदार असेल तर

हे सगळ्यात किचकट. कंपनी म्हणते ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार म्हणतो माझं कंत्राट संपलं. इथं दोन वेगळे प्रश्न आहेत. थकलेला पगार ठेकेदाराने दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर, येते, त्यासाठी तुम्ही कंपनीचे कायम कामगार होता हे सिद्ध करावं लागत नाही. पण कंपनीनेच मला परत घ्यावं अशी मागणी असेल तर ठेका नुसता कागदावरचा होता, खरा मालक कंपनीच, हे दाखवावं लागतं. स्टील अथॉरिटीच्या २००१ च्या निकालानंतर हा रस्ता औद्योगिक कोर्टातूनच जातो.

दाखवायचं कसं? ठेकेदार बदलले, पण माणसं तीच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. रजा कंपनीचा इंजिनिअर मंजूर करायचा. ठेकेदार साइटवर यायचाच नाही. कामगार ऑफिसमधून ठेकेदाराच्या लायसन्सची प्रत माहिती अधिकारात मागा, लायसन्स कुठल्या कामासाठी आणि किती माणसांसाठी आहे ते बघा, लायसन्स हाऊसकीपिंगचं आणि तुम्ही सीएनसी मशीनवर, असं निघतं. मालक महापालिका किंवा जिल्हा परिषद असेल तर हजेरीपटच माहिती अधिकारात मागता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांच्या केसमध्ये निकाल दिला, तिथंही महापालिका ठेकेदाराकडे बोट दाखवत होती आणि माळ्यांकडे नेमणूक पत्रं नव्हती, तरी त्यांना परत कामावर घ्यायला आणि निम्मा मागचा पगार (काढल्यानंतरच्या काळाचा) द्यायला सांगितलं. वर्षानुवर्षं सलग काम केल्याचं दाखवता आलं की पत्राअभावी सगळं बुडत नाही.

पायरी ६: बरोबर दार निवडा

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण चांगला पुरावा असूनही लोक इथं पाच-सात वर्षं घालवून बसतात.

आधी मुदत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, म्हणजे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० आली. जुन्या कायद्यात काढल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जाता यायचं, नव्या संहितेत दोन वर्षांनंतर समेट अधिकारी (दोन्ही बाजूंत तडजोड घडवायचं काम असलेला सरकारी अधिकारी) कार्यवाहीच घेत नाही. पगाराच्या दाव्याला वेतन संहितेत तीन वर्षं आहेत. तुमचं काढणं कुठल्या तारखेचं आहे त्यावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे अर्ज द्यायच्या आधी कामगार ऑफिसच्या खिडकीवर विचारून घ्या की हा अर्ज कुठल्या कायद्याखाली नोंदवताय, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुंबईत हे ऑफिस बीकेसीच्या कामगार भवनात आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी असतात.

आता खरी गोम. महाराष्ट्रात १९७१ चा एमआरटीयू अँड पीयूएलपी कायदा (युनियनना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा) आहे, त्यात अनुचित कामगार प्रथेची तक्रार थेट कोर्टात करता येते आणि मुदत ९० दिवस. झटपट वाटतं, अंतरिम आदेशाचीही आशा असते, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण सिप्ला केसमध्ये २००१ ला आणि इंडियन स्मेल्टिंगच्या केसमध्ये २००३ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की मालक-कामगार नातंच वादात असेल तर त्या कायद्याखालची तक्रार चालत नाही, आधी ते नातं औद्योगिक विवादाच्या मार्गाने सिद्ध करून या. म्हणजे तुमच्याकडे पीएफ, पगार स्लिप, आयकार्ड असं ठणठणीत आहे आणि नातं नाकारायला मालकाला जागाच नाही, तरच तिकडे जा. रोख पगार आणि ठेकेदार मध्ये, अशा केसमध्ये समेट अधिकाऱ्याकडे विवाद नोंदवा, मागणीपत्र द्या, तिथं तडजोड झाली नाही तर ४५ दिवसांनंतर थेट पुढे जायची सोय जुन्या कायद्यातही होती.

तसंच जुन्या कायद्यातल्या ३३सी(२) च्या वसुली अर्जाचं. हिशोब करून द्या एवढाच तो अर्ज आहे. तुम्ही कामगार होता का, तेवढा पगार देय होता का, असा मुळातच वाद असेल तर तो तिथं सुटत नाही, १९९५ च्या गणेश रझाक निकालापासून हे पक्कं आहे.

आणि तुम्ही मॅनेजर, सुपरवायझर असाल तर? काढल्याचा विवाद 'कामगार' व्याख्येतच अडकेल, कारण नव्या संहितेत मॅनेजर बाहेर आहे, आणि महिना १८,००० च्या वर पगार असलेला सुपरवायझरही. पदाचं नाव मात्र महत्त्वाचं नाही, प्रत्यक्ष काम काय करत होता ते बघतात. पगाराचा दावा वेगळा, वेतन संहितेत 'कर्मचारी' म्हणून मॅनेजरही येतो. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबू नका.

वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायची तरतूद आहे, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. युनियनचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो.

पायरी ७: कोर्टात मस्टर मागवा

हा अर्ज दिल्याशिवाय साक्षीला उभे राहू नका. हजेरी रजिस्टर, पगारपत्रक, ओव्हरटाइम रजिस्टर, गेटचं आवक-जावक रजिस्टर, बायोमेट्रिक डेटा, त्या काळातले पीएफ-ईएसआयचे रिटर्न, सीसीटीव्ही, ठेकेदाराचं करारपत्र आणि बिलं, असं नावानिशी आणि महिन्यानिशी लिहा. 'सर्व संबंधित कागदपत्रे' असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. मालकाने आणलं आणि त्यात तुमचं नाव नसेल तर पान नंबर सलग आहेत का, एकाच शाईने एकाच दिवशी लिहिल्यासारखं आहे का, बाकी कामगारांच्या सह्या खऱ्या आहेत का हे बघा. आणलंच नाही तर तसं रेकॉर्डवर नोंदवून घ्या आणि युक्तिवादात येल्लट्टी निकाल दाखवा. पण मागवलंच नसेल तर उलटा अर्थ काढा असं शेवटी म्हणून काही उपयोग होत नाही.

उलटतपासणीत विचारतील, नेमणूक पत्र आहे का? नाही म्हणा. पगाराची पावती? नाही, रोख देत होते आणि त्यांच्या वहीवर सही घेत होते. मध्ये दोन महिने तुम्ही गावी होता ना? असाल तर हो म्हणा, तारखा सांगा. पेरणीला गावी गेलेला माणूस 'एकही दिवस चुकवला नाही' म्हणतो आणि बसच्या तिकिटावरून पकडला जातो, मग खरं असलेलंही कुणी धरत नाही. साक्षीत हेही सांगा की काढल्यानंतर दुसरं काम शोधलं, मिळालं नाही किंवा मधूनअधून रोजावर गेलो. मागच्या पगारासाठी हे वाक्य लागतं, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या केसमध्ये सांगितलंय की बेकार होतो असं कर्मचाऱ्याने म्हटलं की तो दुसरीकडे कमावत होता हे दाखवायचं काम मालकाचं.

तडजोड झाली तर

बहुतेक प्रकरणं मध्येच पैशावर मिटतात आणि त्यात वाईट काही नाही, घर चालवायचं असतं. फक्त तडजोडीच्या कागदावर 'अर्जदार कधीही नोकरीत नव्हता, माणुसकी म्हणून रक्कम देत आहोत' असं वाक्य घालतात, ते काढायला लावा. पीएफ मागाहून मागायचा असेल, ग्रॅच्युइटी असेल, पुढच्या नोकरीला अनुभव दाखवायचा असेल, तर ते एक वाक्य सगळ्याच्या आड येतं. त्याऐवजी 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरीत होते' असं लिहून घ्या, रकमेत थकीत पगार किती, नोटीसचा पगार किती आणि दर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे भरपाई किती हे वेगळं दाखवा, चेक किंवा ऑनलाइन घ्या, आणि चेक वटेपर्यंत केस मागे घेऊ नका. समेट अधिकाऱ्यासमोर सही झालेली शिक्क्याची प्रत तिथूनच घेऊन बाहेर पडा, 'उद्या पाठवतो'वर थांबू नका.